चंद्रावर जाऊन आलेले भगवानदादा

वडनेर भोलजी (जि. बुलडाणा), प्रतिनिधी : नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले ते जुलै १९६९मध्ये. त्याच्या दोन वर्षे अगोदर, म्हणजे १९६७ साली, आपल्या वऱ्हाडात जन्मलेला एक मराठी माणूस चंद्रावर उतरून, तिथल्या राक्षसांशी झुंजून सुखरूप परतला होता. अर्थात हा प्रवास रुपेरी पडद्यावरचा. चित्रपटाचे नाव ‘चाँद पर चढाई’. दिग्दर्शक टी. पी. सुंदरम. अंतराळवीर कॅप्टन आनंदच्या भूमिकेत दारासिंग आणि त्याचा विनोदी साथीदार भागू याच्या भूमिकेत भगवान आबाजी पालव, अर्थात मास्टर भगवान, अर्थात साऱ्या महाराष्ट्राचे भगवानदादा.

या चित्रपटाची कथा दोन ओळींत सांगून होते. आनंद आणि भागू चंद्रावर उतरतात आणि तेथे निरनिराळ्या जातीच्या राक्षसांशी व परग्रहावरून आलेल्या योद्ध्यांशी दोन हात करतात. या चंद्रावर हवा आहे, माणसे आहेत, नाचगाणी आहेत आणि सर्वांना हिंदी उत्तम येते. पृथ्वीच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणाचा कोणाच्याही चालण्यावर काडीचा परिणाम होत नाही. दारासिंग जसे जमिनीवर कुस्ती खेळत तसेच ते चंद्रावर खेळतात. विज्ञानाच्या कसोटीवर हा चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच नापास होतो, आणि गेली अनेक वर्षे त्याची जी काही दखल घेतली गेली ती बहुधा हसण्यापुरतीच.

भगवानदादांचे चरित्र सांगताना हा चित्रपट सहसा कोणी उल्लेखीत नाही. त्यांचे आयुष्य साधारणपणे तीन टप्प्यांत सांगितले जाते. गिरणी कामगाराचा मुलगा, मग ‘अलबेला’, मग चाळीतले दारिद्र्य. ही कहाणी खरी आहे, पण ती अपुरी आहे. ‘अलबेला’ १९५१ साली आला, तेव्हा भगवानदादा ३८ वर्षांचे होते आणि त्यांच्यामागे वीस वर्षांचे काम उभे होते. ते काम स्वस्तातल्या, घाईघाईने उरकलेल्या, वृत्तपत्रांनी परीक्षणालाही पात्र न मानलेल्या मारधाडपटांचे होते. त्या वीस वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय हा माणूस कळत नाही, आणि १९६७ साली तो चंद्रावर का गेला हेही कळत नाही.

वडनेर भोलजीवरून जाणाऱ्या महामार्गाने पूर्वेकडे निघाले की नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर अशी गावे मागे टाकत आपण अमरावतीला पोहोचतो. १ ऑगस्ट १९१३ रोजी भगवानदादांचा जन्म अमरावतीत झाला. पालव हे आडनाव कोकणी वळणाचे, जन्म वऱ्हाडातला आणि सारी हयात गेली मुंबईच्या गिरणगावाच्या आसपास. वऱ्हाडचा कापूस त्या काळी रेल्वेने मुंबईकडे जात असे. खामगावच्या बाजारासाठी तर १८७० सालीच जलंबहून खास फाटा टाकला गेला होता. कापसाच्या गाठी ज्या मुंबईकडे निघत त्याच मुंबईच्या गिरणीत भगवानदादांचे वडील कामाला होते. घरात पैशाची चणचण, शाळेशी फारसे सख्य नाही आणि अंगात मस्ती भरपूर. मुलगा तालमीत रमला, कुस्तीच्या नादी लागला आणि मजुरी करता करता चित्रपटांच्या वेडाने झपाटला. ‘दादा’ ही उपाधी त्यांना चिकटली ती या तालमीतल्या शरीरामुळे आणि परळ-दादरच्या वस्तीतल्या वावरामुळे.

त्या काळच्या कामगार वस्त्यांतील मुलांचा देव होता अमेरिकन नट डग्लस फेअरबँक्स. भिंतीवरून उड्या मारणारा, झुंबराला लटकून पलीकडे जाणारा, तलवार फिरवतानाही हसणारा. मूकपटांना भाषेचा अडसर नसे, त्यामुळे लालबागच्या पोरालाही फेअरबँक्स तितकाच आपला वाटे. भगवानदादांनी त्याच्याकडून एक गोष्ट कायमची उचलली. जी उडी मारायची ती स्वतः मारायची. नटाच्या जागी दुसऱ्याला उभे करण्याची रीत त्यांना मान्य नव्हती, आणि खरे सांगायचे तर ती परवडणारीही नव्हती.

मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत त्यांचा चित्रसृष्टीत प्रवेश झाला. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडदा बोलू लागला आणि मूकपटांतील कित्येक नटांची कारकीर्द संपली. भगवानदादांचे तसे झाले नाही, कारण त्यांचे भांडवल आवाजात नव्हते, अंगात होते. ‘हिम्मत-ए-मर्दां’ हा त्यांचा पहिला बोलपट. त्यात त्यांच्यासोबत ललिता पवार होत्या. पुढे या दोघांच्या आयुष्यात एक अत्यंत दुर्दैवी प्रसंग यायचा होता, त्याकडे आपण येऊच.

१९३८ साली चंद्रराव कदम यांच्यासोबत भगवानदादांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला. येथून १९४९पर्यंत त्यांनी एकामागून एक मारधाडपट काढले. हे चित्रपट काय प्रकारचे होते हे समजून घेण्यासाठी थोडे विषयांतर करावे लागेल.

आज आपण सरसकट ‘बी ग्रेड’ म्हणतो तो शब्द अमेरिकेतून आला. मंदीच्या काळात, १९३०च्या दशकात, तिथल्या चित्रपटगृहांत एकाच तिकिटावर दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत पडली. मोठ्या नटांचा, मोठ्या खर्चाचा चित्रपट पहिला आणि त्याच्या जोडीला खपवायचा कमी खर्चाचा दुसरा. हा दुसरा तो ‘बी’. सुरुवातीला या अक्षरात तुच्छता नव्हती, केवळ क्रम होता. आपल्याकडे अशी जोडी कधी नव्हती. आपल्याकडे वाटणी झाली ती चित्रपटगृहांची आणि प्रेक्षकांची. सामाजिक आणि संतचरित्रपर बोलपट ‘प्रभात’सारख्या संस्थांनी काढावेत, ते सुशिक्षितांनी सहकुटुंब पाहावेत आणि त्यांच्यावर वृत्तपत्रांनी लिहावे, मारधाडपट गिरणगावातल्या पिटात बसणाऱ्यांनी पाहावेत आणि त्यांच्यावर कोणी काही लिहू नये, अशी ही अलिखित वाटणी होती. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने आणि निर्भय नादियाने या दुसऱ्या बाजारात किती पैसा आहे हे दाखवून दिले, तरी प्रतिष्ठा मिळाली नाही ती नाहीच.

भगवानदादा या दुसऱ्या बाजाराचे कारागीर होते. थोडक्या पैशात, ठरल्या दिवसांत, हाताशी असलेल्या माणसांकडून चित्रपट पुरा करायचा. कपडे साधे, नेपथ्य जुनेच पुन्हा रंगवलेले, कथा चटकन कळणारी. नायक गरीब, खलनायक सावकार किंवा जुलमी सरदार आणि शेवटी हाणामारी. पहाटेची पाळी करून आलेल्या कामगाराला तीन तासांत हे सारे मिळाले पाहिजे ही त्यांची जबाबदारी, आणि ती ते चोख पार पाडत. अभिरुचीच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, की या प्रेक्षकाला फसवणे सोपे नव्हते. त्याने दिवसभराच्या घामातून काढलेले आणे तिकिटाला मोजलेले असत.

अशा चित्रपटांचा मुक्काम मुंबईत संपत नसे. मोठ्या शहरांतून ते खाली उतरत आणि अखेरीस फिरत्या टॉकीजच्या तंबूत पोहोचत. वऱ्हाडातील यात्रा-जत्रांतून हे तंबू ठोकले जात. मध्ये पडदा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, खाली सतरंजी किंवा नुसती माती. एकच प्रोजेक्टर असल्याने दर रिळाला खेळ थांबे आणि झिजलेली फीत तुटली की गावकरी शिट्ट्या मारीत. पूर्वी ज्यांचा संवाद ऐकू येत नसे त्यांनाही मारामारी समजे. भाषेपेक्षा शरीरावर भिस्त ठेवणाऱ्या चित्रपटांचा हा फायदा होता आणि भगवानदादांच्या चित्रपटांचे गमकही त्यातच होते.

त्यांची भाषेवर भिस्त नव्हती याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे १९४१चा ‘वनमोहिनी’. हा चित्रपट तमिळ होता! दिग्दर्शक भगवानदादा, नायक एम. के. राधा, जंगलकन्येच्या भूमिकेत सिलोनची के. थवमणी देवी. हॉलिवूडच्या ‘द जंगल प्रिन्सेस’चा प्रभाव त्यावर उघड होता. मुंबईच्या चाळीत वाढलेला वऱ्हाडी-कोकणी मराठी माणूस तमिळ प्रेक्षकांसाठी हॉलिवूडच्या धर्तीचा जंगलपट काढतो, ही गोष्ट आजच्या ‘पॅन इंडिया’च्या गजरात आठवावी अशी आहे. ‘वनमोहिनी’चे संगीत दिले होते पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी. हेच पुढे सी. रामचंद्र म्हणून विख्यात झाले. १९४२च्या ‘सुखी जीवन’मध्येही ही जोडी होती. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली आणि भगवानदादांच्या भाग्याचा मोठा वाटा या मैत्रीतून आला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

आता त्या दुर्दैवी प्रसंगाकडे. १९४२च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. दृश्यात भगवानदादांनी ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. ती प्रत्यक्षात इतक्या जोराने बसली की ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याला इजा झाली आणि चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. डोळा पूर्ववत झाला नाही. नायिका म्हणून भर बहरात असलेल्या या अभिनेत्रीची नायिकेची कारकीर्द तेथेच संपली.

हा प्रसंग सांगताना भगवानदादा तेव्हा नवखे होते, म्हणून हात जोरात बसला, असे वारंवार लिहिले जाते. ते पटण्यासारखे नाही. १९४२ साली त्यांना पडद्यावर येऊन दहा वर्षांहून अधिक काळ झाला होता, ते दिग्दर्शक झाले होते आणि मारामारी हा तर त्यांचा व्यवसाय होता. दोष नवखेपणाचा नसून त्या साऱ्या कामाच्या पद्धतीचा होता असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. जिथे खरी उडी, खरा ठोसा आणि खरी थप्पड हीच कमाई, तिथे सरावाला वेळ नाही, जखमींची जबाबदारी घेणारे कोणी नाही, आणि एखाद्याचा हात चुकला तर त्याची किंमत समोरच्याने आयुष्यभर मोजायची. स्वस्त चित्रपटांच्या रंजकतेविषयी लिहिताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. भगवानदादांना या प्रसंगाची जबाबदारी टाळता येणार नाही, आणि त्यांच्या चाहत्यांनीही ती टाळण्याचा प्रयत्न करू नये.

ललिताबाई मात्र खचल्या नाहीत. त्यांनी चरित्रभूमिकांकडे मोहरा वळवला. ‘रामशास्त्री’मधील आनंदीबाई, ‘अनाडी’मधील मिसेस डिसा आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’मधील मंथरा या भूमिकांनी त्या अजरामर झाल्या. बारीक झालेला तो डोळा खाष्ट सासूची ओळख बनला. १९९८ साली त्यांचे निधन झाले. येवल्याच्या या कन्येची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९४२ सालीच भगवानदादा ‘जागृती पिक्चर्स’ या नावाने निर्माते झाले आणि १९४७मध्ये त्यांनी चेंबूरला ‘जागृती स्टुडिओ’ उभारला. मजुरीपासून स्वतःच्या स्टुडिओपर्यंतची ही मजल केवळ मारधाडपटांच्या बळावर गाठली गेली होती. १९४९चा ‘भेदी बंगला’ हा रहस्यपट त्यांच्या या पर्वाच्या अखेरीस येतो. यातला एकही चित्रपट चित्रपटकलेच्या इतिहासात मानाने मिरवत नाही.

मिरवणार तरी कसा? पाहायला हवेत ना ते चित्रपट! त्या काळची फीत नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. चित्रपट चालून झाला की त्याच्या प्रती गोदामात कुजत किंवा त्यांतली चांदी काढण्यासाठी भंगारात विकल्या जात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, तोवर फार उशीर झाला होता. भारतात निघालेल्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी आज तिसाच्या आसपासच शिल्लक आहेत, तेही कित्येक तुकड्यांत. फाळके आणि बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांची ही दशा, तर पिटातल्या प्रेक्षकांच्या मारधाडपटांची प्रत कोण जपणार? परीक्षण नाही म्हणून प्रतिष्ठा नाही, प्रतिष्ठा नाही म्हणून जतन नाही, आणि जतन नाही म्हणून आज परीक्षण लिहू म्हटले तरी लिहिता येत नाही. भगवानदादांच्या दहा-बारा वर्षांच्या उमेदीच्या कामावर आपल्याला निर्णय देता येत नाही तो या दुष्टचक्रामुळे.

मारधाडपट सोडून सामाजिक चित्रपट काढावा, असा सल्ला त्यांना राज कपूर यांनी दिला असे सांगितले जाते. त्यातून ‘अलबेला’ झाला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण यांची आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. घरातल्यांना नकोसा झालेला, रंगभूमीची स्वप्ने पाहणारा गरीब प्यारेलाल घराबाहेर पडतो, मोठा नट होतो आणि परततो तेव्हा घर उद्ध्वस्त झालेले असते. गोष्ट साधीच. पण काटकुळ्या, देखण्या नायकांच्या जमान्यात बुटका, जाडसर, पहिलवानी अंगाचा माणूस गीता बालीसमोर नायक म्हणून उभा राहिला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. ‘आवारा’ आणि ‘बाजी’ ज्या वर्षी गाजले त्याच १९५१ साली ‘अलबेला’ त्यांच्या पंक्तीत जाऊन बसला.

त्यातले भगवानदादांचे नृत्य तर दंतकथा बनले. गंमत अशी की त्या नृत्यात अवघड असे काहीच नाही. गुडघे किंचित वाकलेले, हात कोपरात दुमडलेले, खांद्यांची हलकी हालचाल आणि मंद पावले. पुढे अमिताभ बच्चन यांच्यापासून गोविंदापर्यंत अनेकांनी हा ढंग उचलला आणि वरातीत नाचणाऱ्या प्रत्येक मराठी काकांनीही. हे नृत्य कोठून आले? प्रस्तुत प्रतिनिधीचे मत असे, की ते मारधाडपटांतूनच आले. हौद्यात उतरलेला पहिलवान प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेत जसा फिरतो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर तोलतो, तीच ही चाल. फक्त समोर प्रतिस्पर्ध्याऐवजी गीता बाली आहे. वीस वर्षे शरीराच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने ती भाषा हळू केली आणि सभ्य समाजाला ती कळली. ज्या कामाकडे कोणी पाहिले नव्हते त्याचे व्याज ‘अलबेला’ला मिळाले.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला, सात वारांसाठी सात मोटारी अशी त्या वैभवाची वर्णने आहेत. १९५३मध्ये तीच नायिका आणि तोच संगीतकार घेऊन ‘झमेला’ काढला. ‘अलबेला’ची जादू परतली नाही. १९५६चा ‘भागम भाग’ किशोरकुमार आणि ओ. पी. नय्यर यांच्यासोबतचा, तो बरा गेला. १९६६चा ‘लाबेला’ कोसळला. ‘अलबेला’च्या नावाशी यमक जुळवून पुन्हा नशीब उघडेल ही आशा फोल होती. यात भगवानदादांची चूक नव्हती असे नाही. एका यशाचा साचा बनवून तो पुन्हा पुन्हा वापरावा, हा मारधाडपटांच्या बाजाराचा नियम. सामाजिक चित्रपटाच्या बाजारात तो लागू पडत नाही, हे त्यांना उमगले नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ अशा इतरांच्या चित्रपटांतील छोट्या भूमिका त्यांनी पूर्वीच स्वीकारायला सुरुवात केली होती. आता तेवढाच आधार उरला.

‘चाँद पर चढाई’ येतो तो येथे, ‘लाबेला’च्या पुढच्याच वर्षी. तेव्हा दारासिंग यांचा जमाना होता. १९६२च्या ‘किंगकाँग’पासून त्यांच्या कुस्तीपटांची एक लाटच आली होती, म्हणजे भगवानदादांचाच जुना बाजार नव्या पहिलवानाने काबीज केला होता. तिशीत भगवानदादांनी जे केले ते आता दारासिंग करीत होते आणि चोपन्नाव्या वर्षी भगवानदादा त्यांच्या मागे विनोदी साथीदार म्हणून उभे होते. पात्राचे नाव भागू. स्वतःच्याच नावाचा लहान केलेला तुकडा.

त्या वर्षांचे वातावरणही लक्षात घ्यावे. १९६१मध्ये युरी गागारिन अंतराळात जाऊन आला होता. १९६३च्या नोव्हेंबरात केरळातील थुंबा येथून भारतातले पहिले अग्निबाण उड्डाण झाले. फेब्रुवारी १९६६मध्ये रशियाचे लुना-९ चंद्रावर अलगद उतरले. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६चीच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला होता. चंद्र जवळ आला आहे, ही जाणीव हवेतच होती. १९६७ सालीच सत्यजित राय ‘द एलियन’ या पटकथेसाठी हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीशी बोलणी करीत होते. बंगालमधल्या खेड्याच्या तळ्यात परग्रहावरचे यान उतरते अशी ती कल्पना होती. तो चित्रपट कधीच झाला नाही. स्टॅनली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ १९६८ साली आला आणि त्यावर एक कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. आपल्याकडे १९६७ सालीच एन. ए. अन्सारी यांचा ‘वहाँ के लोग’ आला, ज्यात मंगळावरच्या माणसांची भीती घातली होती. प्रतिभावंताला पैसे मिळाले नाहीत आणि ज्यांना थोडे मिळाले त्यांनी पुठ्ठा, रंग आणि दारासिंग यांच्या जोरावर चंद्र गाठला, असा हा त्या वर्षीचा ताळेबंद आहे.

अशा चित्रपटाचे परीक्षण कसे करावे? अमेरिकेत हा प्रश्न एड वूड या दिग्दर्शकाच्या निमित्ताने पुढे आला. १९५०च्या दशकात त्याने ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ हा उडत्या तबकड्यांचा चित्रपट काढला. १९७८ साली तो विपन्नावस्थेत वारला. दोनच वर्षांनी मेडवेड बंधूंनी एका पुस्तकात त्याला आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवले, आणि या कुचेष्टेतूनच त्याचे चित्रपट लोक पुन्हा पाहू लागले. १९९४मध्ये टिम बर्टनने त्याच्यावर चित्रपट काढला तेव्हा कुचेष्टेची जागा जिव्हाळ्याने घेतली होती. तेथे वाईट चित्रपटांनाही वाचक, संग्राहक आणि अभ्यासक मिळाले. ‘चाँद पर चढाई’वर आवडीने लिहिणारेही आपल्या आधी परदेशातच निघाले.

परंतु केवळ हसण्यासाठी असे चित्रपट पाहणे हीदेखील एक प्रकारची आळशी परीक्षा आहे. पुठ्ठ्याचा राक्षस पुठ्ठ्याचा आहे हे पाहायला जाणकारी लागत नाही. पाहावे ते असे की पैसे नसताना या मंडळींनी काय योजले, प्रेक्षकाला कोठे धरून ठेवले आणि कोठे हात टेकले. या दृष्टीने पाहता ‘चाँद पर चढाई’ हा फ्रेंच जादूगार-दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसच्या १९०२च्या चंद्रसफरीचा दूरचा वंशज ठरतो, कुब्रिकचा सोबती नव्हे. त्याचा चंद्र खगोलशास्त्रातला नाही, तो पोथीतला पाताळलोक आहे. फक्त जायची वाट खालची सोडून वरची केली आहे. नायक तेथे जातो, राक्षसांना हरवतो आणि परततो. हा ढाचा तंबूतल्या प्रेक्षकाला कीर्तनातून, पुराणातून आधीच ठाऊक होता. यान नवे असले तरी वाट जुनी होती, म्हणूनच हा चित्रपट त्याला परका वाटण्याचे कारण नव्हते. त्याचे दोषही उघड आहेत. कथा मारामारीपासून मारामारीपर्यंत ढकलली जाते आणि चंद्रावर असण्याचे असे खास कुतूहल, विस्मय, एकटेपणा यांतले काहीच जमत नाही. चंद्राऐवजी एखादे बेट असते तरी फरक पडला नसता.

आणि भागू? त्याच्या वाट्याला साथीदाराचे ठरीव काम आहे. पण मारधाडपटांतले भगवानदादा कसे होते याचा अंदाज घ्यायला आज जे थोडे शिल्लक आहे त्यात हा चित्रपट मोडतो. ‘अलबेला’त आपल्याला त्यांनी स्वतःला सामाजिक चित्रपटासाठी आवरलेले दिसते. येथे ते आपल्या मूळ मुलखात आहेत, जरी तेथले राज्य आता दुसऱ्याचे असले तरी. हा चित्रपट पाहताना हसू येते हे खरे, पण ज्या माणसाने हा सारा खेळ तीस वर्षांपूर्वी स्वतः मांडला होता तो येथे रोजंदारीवर आला आहे, हे ठाऊक असले की ते हसू पुरते उमटत नाही.

भगवानदादांनी त्यानंतरही काम थांबवले नाही. मिळेल ती भूमिका, मिळेल तेवढा वेळ. कधी पोलीस, कधी गर्दीतला एक नाचणारा. मुक्काम पुन्हा दादरच्या चाळीत, जेथून सारे सुरू झाले त्या वस्तीच्या जवळपास. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण, ओमप्रकाश यांच्यासारख्या मोजक्या स्नेह्यांनी येणे-जाणे ठेवले होते. १९८२च्या जानेवारीत सी. रामचंद्रही गेले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली आली की वादक थांबत, ‘अलबेला’ची गाणी वाजवीत आणि दादा खाली उतरून चार पावले टाकीत, असे दादरकर सांगतात. ज्या नृत्याला अंगमेहनत लागत नाही ते म्हातारपणीही करता येते.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादर येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ८८ वर्षे. २०१६ साली शेखर सरतांडेल यांनी त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट काढला. मंगेश देसाई यांनी भगवानदादांची आणि विद्या बालन यांनी गीता बालीची भूमिका केली. चित्रपटाच्या नावातच ‘अलबेला’ असल्याने त्याची दृष्टी कोणत्या पर्वावर होती हे सांगायला नको. मारधाडपटांचे पर्व अजून कोणाच्या तरी शोधाची वाट पाहत आहे. जुन्या गोदामात, एखाद्या बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर किंवा फिरत्या टॉकीजवाल्याच्या पत्र्याच्या पेटीत गंजलेल्या डब्यांत रिळे सापडली, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवावे. नायट्रेटची फीत असेल तर तिच्याजवळ काडी ओढू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.